मासे दचकले की बसून राहायचं

मी माशांचा धंदा करतो असं सांगितलं की लातुरात लोक आधी पापलेटचा भाव विचारतात. मग मला सांगावं लागतं की माझे मासे खायचे नाहीत, बघायचे आहेत. समोरचा म्हणतो, "नुस्तं बघायचे? आन् त्याला पैशे?" माझी उमेदीची सगळी वर्षं या प्रश्नाला उत्तर देण्यात गेली आणि समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ज्या गावात नळाला पाणी आलं की बायका कामावर दांडी मारतात, त्या गावात मी लोकांच्या दिवाणखान्यात पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेट्या मांडत फिरलो. त्याची थोडी लाज मला पहिल्यापासूनच वाटत आली. पण आज लिहायला बसलोय ती लाज वेगळी आहे.

आमचा मूळ धंदा काचेचा. वडील तसबिरी बनवायचे. गंजगोलाईच्या मागं आमचं छोटं दुकान होतं, देवाच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो यांवर घर चालायचं. भूकंप झाला तेव्हा आमच्या गल्लीत फारसं काही पडलं नाही, पडलं ते तिकडं किल्लारीच्या पट्ट्यात. त्यानंतर दुकानात तसबिरींचं काम उरकेना. माणसं एकच फोटो घेऊन यायची, कुणाच्या तरी लग्नातला, घरचे सगळे ओळीनं उभे असलेला. स्टुडिओवाला त्यातला एकेक चेहरा मोठा करून द्यायचा आणि आम्ही एकेकाला वेगळ्या चौकटीत बसवायचो. एका फोटोतलं अख्खं घर असं सुटं सुटं बांधून न्यायचे लोक. वडिलांचं मन त्या कामातून उडालं आणि माझं तर आधीच उडालं होतं. काच कापता येत होती, पण तिच्या मागं आणखी कुणाचा चेहरा ठेवायचा नव्हता. अशात हैदराबादला मावशीकडं गेलो असताना एका दुकानात माशांची टाकी पाहिली. चार काचा उभ्या, एक खाली, सांध्यात सिलिकॉन भरलेलं. म्हटलं, हे तर आपल्याला येतं.

भूकंपाच्या पहाटेची आमच्या घरचीही एक गोष्ट आहे. ती माझी बायको नसीम सांगते आणि झकास रंगवून सांगते. आम्ही खालीच अंथरुणं टाकून झोपायचो. मी भिंतीकडेला, मधे दोन्ही पोरं, दाराकडं नसीम. भांडी वाजायला लागली, फळीवरचा पिठाचा डबा खाली आला. नसीम पोरांना काखेत मारून बाहेर धावली, तर मी आधीच रस्त्याच्या मधोमध, बनियनवर, शेजाऱ्याला विचारतोय की किती वाजले. "मैं बोली, ये मियाँ नमाज को इत्ते जल्दी कब उठे!" एवढं म्हणून ती स्वतःच हसायला लागायची आणि पाहुण्यांच्या बशीतला चहा सांडायचा. मीही हसायचो. लग्नात, ईदेला, बारशाला ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली की आमची पोरंसुद्धा तिच्या आधीच शेवट सांगायला लागली.

टाक्यांचा धंदा सुरुवातीला रडतखडतच चालला. एक डॉक्टर, एक सोनार आणि वास्तूवाल्यानं ईशान्येला पाणी ठेवा म्हणून सांगितलेले काही बिचारे, एवढंच गिऱ्हाईक. मग लातुरात क्लासचं पीक आलं. गल्ल्याच्या गल्ल्या होस्टेल झाल्या, मेस झाल्या, झेरॉक्स झाल्या. लोह्यापासून देगलूरपासून आईबाप पोरं घेऊन यायचे आणि क्लासच्या बाहेर चपला काढून आत बसायचे, देवळात बसल्यासारखे. एवढा वेळ बसायचं तर समोर काहीतरी पाहिजे, म्हणून क्लासवाल्यांना टाक्या हव्या झाल्या. एका सरांनी मला बोलावून सांगितलं, "रशीदभाई, मला शिस्तीत पोहणारे मासे द्या. पालकांना बघून वाटलं पाहिजे."

मी म्हणालो, "सर, आहेत असे मासे."

ते म्हणजे मोनो. थाळीसारखे गोल आणि चपटे, नव्या स्टीलसारखे चकचकीत, डोळ्यावरून एक काळा पट्टा आणि पंखांच्या कडेला हळद लागल्यासारखा पिवळा रंग. नदी जिथं समुद्राला मिळते तिथल्या निमखाऱ्या पाण्यातला हा मासा. लहान असताना तो गोड्या पाण्यात निभावून नेतो, त्यामुळं दुकानदार खुशाल गोड्या पाण्यातला म्हणून विकतात. पण जसा वाढतो तसं त्याला मीठ लागतं. नाही मिळालं तर मरत नाही लगेच, काळवंडतो, कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, अन्नाला तोंड लावत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हा एकटा जगत नाही. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला छळतो, आणि एकच उरला तर आपल्याच सावलीला भितो. पाच-सहाचा थवा असला की मात्र सगळे एका अंगानं वळतात, एका अंगानं थांबतात. बघणाऱ्याला शिस्त वाटते. खरं म्हणजे ती भीती असते. फक्त सगळ्यांना एकदम वाटते, म्हणून चांगली दिसते.

सरांना मासे फार आवडले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पालक आले की माशांनी काउंटरकडं तोंड करावं. मी म्हणालो, सर, खायला टाकलं की करतात. सरांनी शिपायाला हुकूम दिला, पालक आले की चिमूटभर टाकायचं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत पालक रांगेनं यायचे. मासे खाऊन खाऊन सुस्तावले, टाकीतलं पाणी पिठल्यासारखं झालं आणि सर माझ्यावरच उखडले की माल हलका दिला म्हणून. असे नमुने मी पुष्कळ बघितले. एकानं तर मासा मेला म्हणून तो कागदात गुंडाळून आणला आणि वॉरंटी मागितली.

त्याच क्लासमध्ये वैशाली नावाची मुलगी अकरावीला होती. एका दुपारी ती तिच्या आत्याला घेऊन माझ्या दुकानात आली. आत्यांचं नाव मैनाबाई. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, पण गुडघे गेलेले, बसायचं तरी कशाला तरी धरून आणि उठायचं तरी धरून. वैशाली सरळ टाकीपाशी गेली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "चाचा, आमच्या क्लासमधले मासे तुमीच दिलेत न्हवं?"

मी हो म्हणालो.

"दार आपटलं की ते सगळे एकदम पळतेत. त्यांना आधी कळतं का?"

"काय कळतं, बेटा?"

आत्याच बोलल्या. "जमीन हालायच्या आदी म्हनती ती. किल्लारीच्या अल्याडचं गाव हाय आमचं."

मी खुर्ची पुढं केली. आत्यांनी हातानं गुडघा दाबत एकेक सांगितलं. वैशाली तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हती. बाप शेतात होता म्हणून वाचला. "आन् हिची आई उंबऱ्यापत्तुर आलती बगा. भाईर पडली आसती तर आज हितं बसली आसती. ही आत झोपल्याली, म्हनून माघारी फिरली. ही तिच्या पोटाखाली घावली." वैशाली आमच्याकडं पाठ करून टाकीकडंच बघत होती. तिनं हे कितव्यांदा ऐकलं असेल कुणास ठाऊक.

तेव्हापासून ती छताखाली झोपली नव्हती. गावात पत्र्याचं घर होतं, अंगण होतं, निभावलं. लातुरात होस्टेलच्या गल्लीतली खोली मिळाली ती पहिल्या मजल्यावर, वर स्लॅब. मालक गच्चीवर पोरींना झोपू देत नव्हता. मग आत्या उंबऱ्यावर आडव्या पडायच्या, म्हणजे दार लागायचंच नाही, आणि पोरगी त्यांच्या पायाशी भिंतीला टेकून बसून राहायची. सकाळी क्लासमध्ये डुलक्या. पहिल्या परीक्षेत ती खाली गेली, आणि बापाचा निरोप आला होता. "म्हनतो, झोपच न्हाई तर शिकनार काय? आना माघारी. एखादं स्थळ बगून उजवून टाकू. पोरगी लई हुशार हाय हो, रशीदभाई. पर रातभर डोळे टकटक."

त्या दिवशी मी ठरवलं असतं तर "हाव, माशांना सगळं आधी कळतं" म्हणून टाकी विकून मोकळा झालो असतो. भूकंपानंतर आमच्याकडं असं सांगणारे चिकार होते. कुणी कुत्र्याचं सांगायचं, कुणी मुंग्यांचं. मी तसं केलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला फार गर्व झाला. मी तिला समोर बसवलं आणि मास्तरासारखं समजावलं. मोनो सावलीला दचकतो, चमचा पडला तर दचकतो, कुणी जोरात शिंकलं तरी दचकतो. त्याच्या दचकण्याचा आणि जमिनीचा काही संबंध लावायचा नाही. मग मी ते वाक्य बोललो, पुढं गावभर सांगत फिरलो ते. "मासे दचकले की आपण पळायचं नाही. बसून राहायचं. ते परत एका जागी जमतात का बघायचं. जमतातच."

"जमतेत?" तिनं विचारलं.

"जमतातच."

मी त्यांच्या खोलीत टाकी लावली. स्टँडवर थर्माकोलचा जाड तुकडा, त्यावर टाकी, वर झाकण, कारण हा मासा उडी मारतो. हैदराबादहून एस.टी.नं ऑक्सिजनच्या पिशव्यांतून छोटे मोनो मागवले. पाण्यात खडेमीठ घालायचं ते एकदम नाही, दर आठवड्याला थोडं थोडं, माशाला पत्ता लागू न देता. किती घालायचं हे सांगायला आमच्याकडं काचेची नळी असते, पण आत्यांना तिच्यावरचे आकडे दिसत नव्हते. मी त्यांना बोट बुडवून चव घ्यायला शिकवलं. डोळ्यातलं पाणी ओठावर आलं की लागतं तेवढं खारट. आत्या म्हणाल्या, "मग काय, ती चव पाठच हाय की." आणि खरंच त्यांचं मीठ कधी चुकलं नाही.

मी पाणी बदलायला जायचो तेव्हा बघायचो. शेजारच्या मेसमध्ये मिक्सर लागला की मासे सुसाट सुटायचे, काचेवर आपटायचे, आणि वैशाली अर्धी उठायची. एक हात टेबलावर, पाय दाराकडं. नजर मात्र टाकीवर. मग एक मासा थांबायचा, दुसरा त्याच्या बाजूला यायचा, तिसरा यायचा, आणि थवा परत गोळा झाला की ही खाली बसून पुस्तक ओढायची. पुढं पुढं ती उठेनाशी झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलो तर आत्या दारातच म्हणाल्या, "रशीदभाई, झोपली! आत झोपली, गादीवर, पांघरून घिऊन!" त्यांनी मला त्या दिवशी बळंच शिरा खाऊ घातला. वैशाली वर्गात पहिल्या पाचांत आली, बापाचे निरोप थांबले.

मी काय सांगू, मी हवेत होतो. डॉक्टरांना सांगितलं, सोनाराला सांगितलं, क्लासच्या सरांना तर पालकांसमोर सांगितलं. लोक म्हणायचे, रशीदभाई, तुम्ही मासेवाले कसले, हकीम आहात. मी नको नको म्हणायचो आणि वाट बघायचो की कुणीतरी पुन्हा म्हणावं.

बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. दुपारची वेळ. मी त्यांच्या खोलीत टाकीत कोपरापर्यंत हात घालून फिल्टर काढत होतो. वैशाली खाली बसून गणितं सोडवत होती. आता दार लावायची पंचाईत राहिली नव्हती, तरी आत्या सवयीनं आणि वाऱ्यासाठी उंबऱ्यावरच आडव्या झालेल्या. एकदम मासे सुटले. माझ्या हातावर आपटले, काचेवर आपटले. आणि मग पायाखाली काहीतरी घरघरलं. खिडकीची तावदानं वाजायला लागली, भांड्यांच्या मांडणीतला पेला घसरत कडेला आला. हे सगळं मला आठवतंय. पुढचं आठवतं ते एकदम रस्त्यावरचं. मी अनवाणी गल्लीच्या मधोमध उभा होतो, एक बाही ओली, आणि ओरडत होतो, "भूकंप! भूकंप! बाहेर या!"

भूकंप म्हटल्यावर लातुरात कुणी विचार करत बसत नाही. सगळी गल्ली बाहेर आली. पोरं हातात पेन घेऊन, पोरी डोक्याला तेल लावता लावता, मेसवाली लाटणं घेऊन, एक सर खडूच्या हातांनी. कुणी रडायला लागलं, कुणी घरी फोन करायला बूथकडं पळालं. आणि मग हळूहळू सगळ्यांना दिसलं की शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली आहे आणि पाण्यासाठी जमीन ठोकतेय. गाडीवरची माणसं कुठली लांबची, आपली भाषा न कळणारी. त्यांना वाटलं पाणी लागलं म्हणून लोक धावत आले, त्यांनी हात हलवून अजून थांबा अशी खूण केली.

मला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहिता येणार नाही. एका मालकानं तर माझी कॉलर धरली, म्हणाला, "पोरांची परीक्षा हाय न् तुम्ही काय करायलात?" पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वर जायचं होतं आणि मी जिन्याच्या तोंडाशीच घुटमळत होतो. सगळी गल्ली बाहेर आली होती, आणि त्या दोघी आल्या नव्हत्या.

वर गेलो. आत्या उंबऱ्यावरच अर्ध्या उठून बसल्या होत्या. वैशाली त्यांच्या शेजारी, जमिनीवर, त्यांचा हात आपल्या गळ्यात घेऊन बसलेली. पेला फुटला होता. फिल्टर टाकीतच लोंबकळत होता आणि त्याच्यामागं मासे एका जागी गोळा होऊन शांत उभे होते.

"चाचा, जमले बगा परत," ती म्हणाली.

आत्या नडगी चोळत होत्या.

मी म्हणालो, "गल्लीतल्या पोरांना सांगायला गेलो होतो." असं म्हणालो मी. कुणी विचारलंही नव्हतं.

"हाव," वैशाली म्हणाली.

मी फिल्टर कसाबसा बसवला आणि निघालो. जिन्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती पुढं कित्येक वर्षं गेली नाही. माझ्या सांगण्यावरून ती पोरगी बसून राहिली. मी म्हणालो होतो, पळायचं नाही, आणि तिनं ते अक्षरशः ऐकलं. बोअरच्या ऐवजी खरंच काही असतं, तर तो स्लॅब तिच्या डोक्यावर आला असता, माझं वाक्य तिच्या डोक्यात असताना. आणि वाक्य सांगणारा रस्त्यावर उभा होता. माझाच माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता, आणि तिचा होता.

गल्लीची हकिगत माझ्या आधी घरी पोचली होती. गावभर लोक हसत होते, "रशीदभाईचा भूकंप" म्हणून ती गोष्ट कित्येक दिवस चालली. मला वाटलं, नसीमला आता नवा मसाला मिळाला. पण ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही. एवढंच नाही, जुनी गोष्टही सांगायची बंद झाली. पुढच्या ईदेला पाहुण्यांनी आग्रह केला तर म्हणाली, "छोडो, पुरानी हो गई," आणि आत निघून गेली. लोकांच्या हसण्यापेक्षा मला तिचं ते न हसणं जड गेलं.

मी त्या खोलीत पुन्हा गेलो नाही. मीठ, खाणं, फिल्टरचा कापूस कुणाच्या तरी हाती पाठवत राहिलो आणि कामाचा बहाणा सांगत राहिलो. वैशालीला इंजिनिअरिंगला नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पेढे घेऊन ती दुकानात आली तेव्हा मी दुकानात असून मागच्या खोलीत जाऊन बसलो. टाकी आणि मासे त्यांनी परत पाठवले. मासे ताटलीएवढे झाले होते, अंगावर एक डाग नव्हता. एवढे सुरेख मोनो मी आमच्या भागात दुसऱ्या कुणाच्या टाकीत पाहिले नाहीत. ते कुणालाही विकायला माझा जीव झाला नाही.

माणसाचं मन मोठं लबाड असतं. मी वर्षानुवर्षं त्या प्रसंगाचं ओझं वागवलं, पण त्या ओझ्यात माझा थोडा मान होता. माझ्या शब्दाला कुणीतरी जिवापेक्षा जास्त मानलं, असं मला वाटायचं. लाजही वाटायची आणि ती कुरवाळायलाही बरं वाटायचं.

अलीकडं, म्हणजे दुकान पोरानं हातात घेतल्यावर, एक फोन आला. "चाचा, वैशू बोलते. नांदेडहून." ती आता तिथंच नोकरीला होती, लग्न झालेलं, स्वतःचं घर झालेलं. आत्या तिच्याकडंच असतात, आता खाटेवरून उठत नाहीत. "आत्याला तेच मासे पायजेत. दिवसभर पडून असती. तुमीच या बगा लावायला, दुसऱ्या कुणाला पाठवू नका." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

नांदेडला गेलो. चांगलं हवेशीर घर, खालच्या मजल्यावर. तिचा नवरा शांत माणूस, मला पाणी आणून दिलं आणि बादल्या भरायला लागला. आत्या खाटेवर, केस सगळे पांढरे, पण नजर तीच. मी टाकी लावली, पाणी भरलं, मीठ विरघळवलं, आत्यांच्या खाटेपाशी वाटी नेली. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि मान हलवली, "आजून जरासं."

मासे सोडले. सोडल्यावर मोनो आधी सैरभैर होतात, मग एकमेकांना शोधतात. ते जमेपर्यंत बोलायला काही नव्हतं, आणि मला वाटलं, आता नाही बोललो तर मरेपर्यंत नाही बोलणार. मी म्हणालो, "वैशू, त्या दिवशी तू माझं ऐकून बसून राहिलीस. मी सांगितलं होतं पळायचं नाही म्हणून. आणि मी स्वतः पळालो. खरंच काही झालं असतं तर..."

तिला खरंच कळेना मी कशाबद्दल बोलतोय.

"तुमचं ऐकून?" ती म्हणाली. "न्हाई हो, चाचा. मी तर उठलेच होते. तावदानं वाजली तसं मला बी वाटलं, आता गेलो आपन. मी दारापत्तुर आले बी होते." तिनं खाटेकडं बघितलं. "आत्याला उठता येत न्हवतं. मग काय करनार? बसले."

बस्स, एवढंच. माझं वाक्य त्यात कुठंच नव्हतं. ती उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथं एक न उठणारी बाई होती, म्हणून थांबली. मी त्याच उंबऱ्यापर्यंत आलो होतो, त्याच बाईपाशी. इतकी वर्षं मी माझ्या शब्दांचा हिशेब करत बसलो, आणि दारात आडव्या पडलेल्या माणसाचा मला एकदाही विचार आला नव्हता. तिच्या नवऱ्यासमोर मला कुठं बघावं कळेना.

तेवढ्यात आत्या खाटेवरून बोलल्या. "रशीदभाई, घाबरू नका. ह्या खेपंला खाट दारापासून लांब घेतलीया. उडी मारायची गरज न्हाई."

वैशाली "आत्या!" म्हणून ओरडली आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. नवरा हसला. आत्या तर खोकला येईपर्यंत हसल्या. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, हे मला कळत होतं, त्यामुळं तर मला आणखीच मेल्यासारखं झालं. मीही हसलो. टाकीत मासे एका बाजूला जमले होते.

संध्याकाळच्या एस.टी.नं परत आलो. नसीम तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, कशी आहेत ती माणसं? मी सगळं सांगितलं. घर कसं, पाणी कसं, आत्या कशा. मग आत्यांचं ते बोलणंही सांगितलं, हसत हसत, जसं आमच्या घरात माझ्याबद्दल सांगायची पद्धत होती तसं. वाटलं, आता तरी ही हसेल आणि जुनी गोष्टही पुन्हा सुरू होईल.

तिचा सुपातला हात थांबला. तिनं वर बघितलं नाही.

"उन के भी उपर से कूदे थे?" ती म्हणाली.